वाढदिवसाचा केक मिळतो, पण पहिला पगार महिनाभर कसा पुरवायचा? बालगृहातल्या मुलांना पैशांचे धडे का हवेत?

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस आला की अनेक जण जवळच्या बालगृहात जातात. केक, वह्या, मुलांना एक वेळचं गोडाधोडाचं जेवण आणि शेवटी ग्रुप फोटो. हेतू चांगलाच असतो. पण त्याच बालगृहातल्या एखाद्या मुलाचा स्वतःचा १८ वा वाढदिवस येतो तेव्हा काय होतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

कायद्याच्या भाषेत तो त्या दिवसापासून 'बालक' राहत नाही. लगेच किंवा काही महिन्यांत त्याला संस्था सोडावी लागते. रूम शोधायची, डिपॉझिट भरायचं, मेसचे पैसे द्यायचे, मोबाईल रिचार्ज करायचा आणि पहिला पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा. यातलं एकही काम त्यानं याआधी केलेलं नसण्याची शक्यता खूप मोठी आहे. कारण तोपर्यंत त्याच्या हातात स्वतःचे असे पैसे क्वचितच आलेले असतात.

मग प्रश्न असा की, जेवण, कपडे, शाळा आणि छप्पर देणाऱ्या संस्थेनं मुलांना जबाबदारी आणि पैशांचा व्यवहारही शिकवायला हवा का? आणि शिकवायचा, तर कसा?

अशी मुलं किती आहेत?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीनं देशभरातल्या बालसंगोपन संस्थांची पाहणी केली होती. २०१८ मध्ये आलेल्या या अहवालानुसार देशात ९,५८९ संस्था होत्या आणि त्यात ३ लाख ७० हजारांहून अधिक मुलं राहत होती. यातल्या बहुतांश संस्था स्वयंसेवी आहेत, म्हणजे देणग्या आणि काही ठिकाणी सरकारी अनुदान यांवर चालणाऱ्या.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं. अनेकांची आई किंवा वडील हयात असतात. गरिबी, आजारपण, व्यसन, घरातली हिंसा किंवा स्थलांतर अशा कारणांनी मूल संस्थेत येतं. म्हणजे १८ नंतर काही मुलं परत त्याच अडचणीतल्या घरात जातात, तर काहींना जायला घरच नसतं. पैशांचं भान दोघांनाही लागतं. पहिल्याला घरच्यांच्या मागण्या सांभाळून स्वतःचं भविष्य उभं करायचं असतं, दुसऱ्याला चुकलं तर पैसे मागायला कुणीच नसतं.

घरात जे नकळत शिकलं जातं, ते संस्थेत का नाही?

घरात वाढणाऱ्या मुलाला पैशांचा वेगळा वर्ग लावावा लागत नाही. "कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो साखर आण, सुटे पैसे नीट मोजून घे" इथूनच शिक्षण सुरू होतं. भाजीवाल्याशी आईनं केलेली घासाघीस, महिनाअखेरीला वाणसामानाच्या यादीतून कमी होणाऱ्या वस्तू, लाईट बिल जास्त आलं म्हणून झालेली बोलणी, दिवाळीचे कपडे या वर्षी की पुढच्या, ही चर्चा. यातून मुलाला कळतं की पैसे मर्यादित असतात आणि निवड करावी लागते.

संस्थेत ही साखळीच तुटलेली असते. घंटा वाजते, ताट समोर येतं. साबण संपला की नवा मिळतो. कपडे देणगीतून येतात, बहुतेक वेळा मापही दुसऱ्याच कुणी ठरवलेलं असतं. किराणा ट्रकनं येतो आणि त्याचं बिल ऑफिसमध्ये जातं. मुलाला वस्तू दिसते, पण किंमत दिसत नाही. वस्तू संपलेली दिसते, पण ती भरून आणण्यासाठी झालेली धावपळ दिसत नाही.

त्यात भर पडते देणगीदारांच्या प्रेमाची. एका रविवारी तीन केक येतात आणि नंतरच्या तीन आठवड्यांत एकही नाही. मूल यातून काय शिकतं? वस्तू येण्यामागे आपली मेहनत किंवा नियोजन नसतं, कुणाची तरी मर्जी असते. आहे तोवर घ्या, उद्याचं काय माहीत! मोठेपणी पहिला पगार चार दिवसांत संपवणारा तरुण उधळ्या असतोच असं नाही. त्यानं लहानपणी जे पाहिलं, तेच तो करत असतो.

दुसरी बाजू मालकीची. सामायिक कपाट, सामायिक खेळणी, सामायिक कपडे असताना 'हे माझं' म्हणता येईल असं फार थोडं असतं. जे आपलं नाही, ते सांभाळण्याची सवय कशी लागणार? म्हणूनच या क्षेत्रात काम करणारे अनेक जण पैशांच्या आधी एका साध्या गोष्टीवर भर देतात, ती म्हणजे प्रत्येक मुलाला स्वतःचं, कुलूप लागणारं छोटं कपाट.

कायदा काय सांगतो?

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयातला मुख्य कायदा. त्याच्या कलम ५३ मध्ये संस्थेनं मुलांना काय काय द्यायचं याची यादी आहे. त्यात अन्न, वस्त्र, निवारा, आरोग्य आणि शिक्षणाबरोबरच कौशल्य विकास, जीवनकौशल्य शिक्षण आणि ओळखीचा पुरावा मिळवून देण्यासाठी मदत यांचाही उल्लेख आहे. प्रत्येक मुलाची स्वतंत्र 'वैयक्तिक काळजी योजना' तयार करणंही अपेक्षित आहे.

याच कलमात एक फारसा चर्चेत न येणारा मुद्दा आहे. सहा वर्षांवरील मुलं असलेल्या प्रत्येक संस्थेत 'बालसमिती' स्थापन व्हावी, यासाठी प्रभारी अधिकाऱ्यानं पुढाकार घ्यायचा असतो. म्हणजे संस्थेच्या कारभारात मुलांचा सहभाग ही कुणाची मेहेरबानी नाही, कायद्यातलीच तरतूद आहे.

१८ नंतरचं काय? कलम ४६ नुसार संस्था सोडणाऱ्या तरुणाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत 'देता येईल'. 'द्यावीच लागेल' असं तिथे लिहिलेलं नाही, आणि इथेच खरी गोम आहे. ही अनुरक्षण सेवा साधारण २१ वर्षांपर्यंत आणि नियमांनुसार अपवादात्मक स्थितीत २३ वर्षांपर्यंत देता येते. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्रात अनुरक्षणगृहंही आहेत आणि अनाथ मुलांना शिक्षण व सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. पण त्याचा लाभ घ्यायचा तर अनाथ प्रमाणपत्र हवं, कागदपत्रं हवीत आणि ती कुठून, कशी मिळवायची हे माहीत हवं. कागदपत्रं जपून ठेवणं हाही जबाबदारीचाच धडा आहे.

एकदम मोठी रक्कम हातात आली तर?

कोरोनानंतर या प्रश्नाला नवं वळण मिळालं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये प्रत्येकी ५ लाख रुपयांच्या मुदत ठेवीची योजना आणली. 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन' योजनेत १८ व्या वर्षापासून दरमहा विद्यावेतन आणि २३ व्या वर्षी १० लाख रुपये देण्याची तरतूद आहे. यातली बरीच मुलं नातेवाइकांकडे वाढत आहेत, काही संस्थांमध्ये.

रक्कम मोठी आहे आणि गरजेचीही आहे. पण ज्यानं कधी ५०० रुपयांचा हिशेब ठेवलेला नाही, त्याच्या खात्यात अचानक काही लाख आले तर? लांबचे काका-मामा जवळ येतात. मित्र उसने मागतात. कुणी दुप्पट पैशांची स्कीम घेऊन येतो. कुणी म्हणतो, "तुझं खातं फक्त वापरायला दे, महिन्याला पैसे देतो." सायबर गुन्हेगार फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी अशी भाड्याची खाती वापरतात आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खातेदाराकडे. ही माहिती १८ वर्षांच्या मुलाला त्याच्या हातात पैसे येण्याआधी मिळायला हवी.

मुंबईत रुजलेलं 'अफलातून'

मुलांना पैशांचं शिक्षण देणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या उपक्रमांपैकी एकाची मुळं मुंबईत आहेत. जेरू बिलिमोरिया हे नाव अनेकांना १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकामुळे माहीत असेल. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन त्यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, त्यांनी मुंबईत 'मेलजोल' हे काम सुरू केलं होतं. शाळकरी मुलांना हक्क आणि जबाबदाऱ्या शिकवता शिकवता त्यात बचतीचा भाग आला. पुढे २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅममध्ये 'अफलातून' ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि हा अभ्यासक्रम अनेक देशांत पोहोचला.

या अभ्यासक्रमाची सुरुवात पैशांपासून होत नाही. आधी 'मी कोण, मला काय आवडतं' हे येतं. मग हक्क आणि जबाबदाऱ्या. त्यानंतर बचत आणि खर्च, मग नियोजन आणि अंदाजपत्रक, आणि शेवटी मुलांनी मिळून एखादा छोटा उपक्रम चालवणं. हा क्रम का महत्त्वाचा आहे, ते घानातल्या एका अभ्यासातून समजतं.

फक्त पैसे शिकवले तर काय होतं?

जेम्स बेरी, डीन कार्लन आणि मेन्नो प्रधान या अर्थतज्ज्ञांनी घानातल्या १३५ शाळांमध्ये एक प्रयोग केला. काही शाळांत सामाजिक आणि आर्थिक असं दोन्ही शिक्षण दिलं, काही शाळांत फक्त आर्थिक, तर उरलेल्यांत काहीच नाही. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

दोन्ही प्रकारच्या शिक्षणामुळे मुलं शाळेत बचत करू लागली. मात्र यातला मोठा भाग घरी ठेवलेले पैसे शाळेच्या पेटीत आणण्याचा होता. म्हणजे एकूण बचत फार वाढली असं म्हणता येत नव्हतं. लक्ष वेधणारी गोष्ट वेगळीच होती. जिथे फक्त पैशांचे धडे दिले, तिथली मुलं आधीपेक्षा जास्त काम करायला लागली. जिथे हक्कांचं शिक्षणही दिलं, तिथे असा परिणाम दिसला नाही. दोन गटांमधला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणावा इतका मोठा नव्हता, हेही संशोधकांनी सांगितलं आहे. तरी इशारा पुरेसा आहे. 'पैसे कमावणं म्हणजेच हुशारी' असं मुलाच्या मनात बसलं, तर ते वही बाजूला ठेवून कामाला लागू शकतं.

युगांडातून आलेला अनुभव जास्त आशादायक आहे. फ्रेड सेवामाला या संशोधकाच्या 'सुबी' प्रकल्पात एड्समुळे पालक गमावलेल्या मुलांच्या नावानं बचत खाती उघडली गेली. कुटुंबानं जमा केलेल्या रकमेत प्रकल्पातून भर घातली जायची आणि हे पैसे शिक्षण किंवा छोट्या व्यवसायासाठी वापरायचे होते. जोडीला आर्थिक प्रशिक्षण आणि मार्गदर्शन. या मुलांची शाळेतली कामगिरी आणि मानसिक आरोग्य इतरांच्या तुलनेत सुधारल्याचं दिसलं. ही मुलं संस्थेत नव्हती, नातेवाइकांकडे राहत होती, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण स्वतःच्या नावावर काहीतरी साठतंय, या जाणिवेनं मूल पुढचा विचार करू लागतं, हे यातून दिसतं.

मुलांनीच चालवलेली बँक

दिल्लीतल्या 'बटरफ्लाइज' या संस्थेनं रस्त्यावर राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या मुलांसाठी 'चिल्ड्रन्स डेव्हलपमेंट खजाना' सुरू केला. त्याआधी या मुलांची अडचण साधी होती. दिवसभराची कमाई रात्री कुणीतरी हिसकावून घ्यायचं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे पैसे खर्च करून टाकणं हाच त्यांच्या दृष्टीनं शहाणपणा होता.

खजान्यात मुलं आपल्यातूनच मॅनेजर निवडतात. तो जमा-खर्च लिहितो, पासबुकात नोंद करतो, मोठी मुलं हिशेब तपासतात. या सगळ्यात पैसे किती जमले यापेक्षा मोठी गोष्ट घडते. दुसऱ्याचे पैसे आपल्या ताब्यात आहेत आणि ते जुळले पाहिजेत, ही जबाबदारी दहा-बारा वर्षांचं मूल अनुभवतं.

एसओएस बालग्रामांची रचना वेगळ्या मार्गानं हेच साधते. तिथे मोठ्या हॉलऐवजी छोटी घरं असतात. प्रत्येक घरात एक 'आई' आणि काही मुलं. घरखर्चासाठी मिळालेल्या पैशांतून आई किराणा, भाजी भागवते, त्यामुळे पैशांची ओढाताण मुलांना रोज दिसते.

मग बालगृहात प्रत्यक्ष काय करता येईल?

अधीक्षकांची भीती खोटी नाही. मुलांच्या हातात पैसे दिले तर चोऱ्या होतील, मोठी मुलं लहानांकडून काढून घेतील, कुणी पळून जाईल, कुणी गुटखा आणेल. म्हणून अनेक ठिकाणी 'पैसेच नकोत' हा सोपा नियम असतो. पण ही जोखीम १८ नंतर संपत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. बालगृहात २० रुपये चुकले तर समजावणारं कुणी असतं. बाहेर २० हजार चुकले तर तसं कुणी असेलच असं नाही.

त्यामुळे टप्प्याटप्प्यानं जाणं हा मधला मार्ग:

- ६ ते १० वर्षं: स्वतःचं कपाट, स्वतःच्या वस्तूंची काळजी. संस्थेतच आठवड्यातून एकदा छोटं दुकान, जिथे ठरावीक कूपनवर पेन्सिल, रिबीन किंवा बिस्किटं यातून निवड करायची. कूपन संपलं की संपलं.
- ११ ते १४ वर्षं: थोडा पॉकेटमनी, त्याची वही आणि महिन्यातून एकदा ताईंबरोबर किंवा सरांबरोबर मंडईत जाऊन खरेदी. गणपती किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाचं बजेट बालसमितीकडे. आकाशकंदील मोठा घ्यायचा की फराळ जास्त करायचा, हा वाद मुलांनाच घालू द्यायचा.
- १५ ते १८ वर्षं: बँक खातं, एटीएम, यूपीआय, ओटीपी कुणालाच न सांगण्याचा नियम, पगारपत्रक वाचणं, भाडेकरार म्हणजे काय, लोन अॅपचं व्याज कसं चढतं. शेवटच्या वर्षी तरी महिनाभराचा स्वतःचा खर्च स्वतः चालवून पाहण्याची संधी.

बँक खात्याबाबत नियम अनुकूल आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार १० वर्षं पूर्ण झालेलं मूल बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत स्वतः बचत खातं उघडून चालवू शकतं. अशा खात्यात शिल्लक उणे जाऊ देता येत नाही. १८ पूर्ण झाल्यावर बँक नव्यानं सहीचा नमुना आणि सूचना घेते. अडतं ते बहुधा कागदपत्रांपाशी. जन्मदाखला नसणं, आधारवर जुना पत्ता, नावात फरक अशा त्रुटी दूर करायला वेळ लागतो. म्हणून हे काम १७ व्या वर्षी नाही, मूल संस्थेत आलं की लगेच सुरू व्हायला हवं.

जबाबदारी शिकवणं आणि राबवून घेणं, रेषा कुठे?

'मुलांना काम करायला लावलं की जबाबदारी येते' हे वाक्य धोकादायकही ठरू शकतं. स्वतःचं अंथरूण आवरणं, ताट धुणं, आठवड्यातून एकदा पोळ्या लाटायला मदत करणं हे कुठल्याही घरात चालतं. पण स्वयंपाकीण ठेवायला लागू नये म्हणून १४ वर्षांच्या मुलींनी रोज ८० जणांच्या पोळ्या लाटणं हे शोषण आहे. तपासायची कसोटी सोपी आहे. काम मुलाच्या वयाला साजेसं आहे का, अभ्यास आणि खेळ बुडतोय का, मुलींना स्वयंपाकघर आणि मुलांना हिशेब अशी वाटणी होतेय का, आणि नाही म्हणण्याची मुभा आहे का?

शिक्षा म्हणून पॉकेटमनी बंद करणंही उलटं पडतं. पैसे वागणुकीवर अवलंबून ठेवले की मूल हिशेब शिकत नाही, मोठ्यांना खूश ठेवायला शिकतं.

पैशांचं शिक्षण पुरेसं आहे का?

नाही. याची दुसरी बाजूही बघावी लागेल. कितीही उत्तम बजेट मांडता आलं, तरी पुणे-मुंबईत जामीनदार नसलेल्या १८ वर्षांच्या मुलाला रूम मिळणं अवघडच असतं. १० हजारांच्या पगारात भाडं, मेस आणि प्रवास भागवून बचत होत नाही, यात त्याच्या कौशल्याचा दोष नाही. 'मुलांना पैसे सांभाळता येत नाहीत' असं म्हणत अनुरक्षण सेवेतल्या त्रुटी झाकल्या जाऊ नयेत. घरात वाढलेली बहुतेक मुलंही १८ व्या वर्षी स्वतंत्र होत नाहीत. पंचविशीतही अनेकांचं भाडं किंवा फी आई-बाबाच भरतात. मग ज्याच्यामागे कुणीच नाही, त्याच्याकडूनच सर्वांत लवकर स्वावलंबी होण्याची अपेक्षा का?

म्हणून कौशल्य आणि आधार दोन्ही लागतात. हिशेबाची वही आणि अडचणीत फोन करता येईल असं एक तरी माणूस.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या वेळी वाढदिवसाला बालगृहात जाल तेव्हा आधी विचारा, तिथल्या मुलांना नेमकं काय हवं आहे. केकच्या खर्चात एखाद्या मुलाच्या कागदपत्रांसाठी लागणारा प्रवासखर्च भागू शकतो. तुम्ही बँकेत, किराणा व्यवसायात, अकाउंट्समध्ये काम करत असाल, तर संस्थेच्या परवानगीनं महिन्यातून एक शनिवार देऊ शकता. छोटा व्यवसाय असेल, तर १८ पूर्ण झालेल्या एखाद्याला रीतसर पगार देऊन उमेदवारीवर घेऊ शकता.

आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो सोशल मीडियावर टाकू नका. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पोस्ट टाकायचीच असेल, तर तिथल्या मुलांनी बाजाराची यादी करून, भाव विचारून, उरलेले सुटे पैसे वहीत मांडून कसा हिशेब जुळवला, ते लिहा. १८ व्या वाढदिवसानंतर त्यांना हीच गोष्ट रोज करावी लागणार आहे.